ठरलेली डोंगरवाट अडली, तर पुढचा रस्ता कसा ठरवायचा

नागपूरच्या माणसाला सह्याद्री उशाशी नाही, पण डोंगर लांबही नाही. पहाटे निघालं तर उन्हं वर यायच्या आत रामटेकचा पायथा गाठता येतो, दुपारपर्यंत चिखलदरा होतं, आणि सावनेर, छिंदवाडा, तामिया करत पचमढीही एका दिवसाच्या टप्प्यात आहे. या डोंगरांची एक गोष्ट मात्र पुण्या-मुंबईच्या ट्रेकवर्णनांत सापडत नाही. इथे वाट कड्यापेक्षा जंगलामुळे जास्त अडते. नाल्याला पूर येतो, साग आडवा पडतो, घाणेरीने पायवाट गिळलेली असते, वाघाच्या हालचालीमुळे वनखात्याने बांबू आडवा लावलेला असतो, नाहीतर वरच्या कड्याला आग्या मोहोळ लटकलेलं असतं.

अशा वेळी माणसाचं मन एकच सुचवतं: "थोडं बाजूने जाऊन बघू." माझा आग्रह याच्या उलट आहे. वाट अडली त्या जागेपासून पुढे जे काही कराल, ते नवीन ट्रेक समजा. त्याला नवा वेळ, नवा पाण्याचा हिशोब आणि नवा निरोप लागतो. हे तिन्ही जमत नसेल, तर आल्या वाटेने परत. आणि या नव्या ट्रेकची निम्मी तयारी आदल्या रात्री घरीच करायची असते, कारण घामाघूम अवस्थेत, पाच जण पाच दिशा दाखवत असताना, नकाशा नीट वाचता येत नाही.

आदल्या रात्री: मुख्य वाटेसोबत दोन पर्याय

भारतीय सर्वेक्षण विभागाचे 1:50,000 चे नकाशे सर्वेक्षण विभागाच्या पोर्टलवर मिळतात. त्यावर 2 सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा 1 किलोमीटर, आणि दोन समोच्च रेषांमध्ये (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमध्ये) साधारण 20 मीटर उंचीचा फरक. हा 20 चा आकडा पक्का लक्षात ठेवा. पंधरा मीटरचा सरळसोट कडा दोन रेषांच्या मध्ये सहज लपतो आणि कागदावर नुसता उतार दिसतो. पंधरा मीटर म्हणजे चार-पाच मजली इमारत. वळसा घेताना लोक अडकतात ते बहुतेक अशाच ठिकाणी. म्हणून त्याच जागेचं उपग्रह चित्रही पाहा; कड्याची सावली त्यात काळ्या पट्टीसारखी उमटते. चित्र उन्हाळ्यातलं असेल तर कोरडे दिसणारे नाले आता भरलेले असतील, हेही ध्यानात घ्या.

जुन्या नकाशावरच्या पायवाटांवर फार विसंबू नका. गावं उठतात, रिठी होतात, वाटा मिटतात. नाला, धार आणि खिंड मात्र जागेवरच असतात. वळशाची आखणी त्यांच्यावर करा.

आता मुख्य वाटेवर बोट ठेवून चाला आणि जिथे जिथे ती अडू शकते तिथे खूण करा. नाला ओलांडायची जागा, वनहद्द, कड्याखालचा पट्टा, खाणीजवळचा भाग (मनसर, कांद्री भागात मॅंगनीजच्या खाणींमुळे कुंपणं आहेत). प्रत्येक खुणेपुढे दोनच गोष्टी लिहा: इथे अडलो तर कुठून वळायचं, आणि कितीच्या आत वळायचं. "दुसरा नाला, 10:30 च्या आत असलो तर डावीकडच्या धारेने, नाहीतर परत." इतकं पुरतं. वळशाला एखादी लांबलचक खूण सोबतीला हवी, जी चुकली तरी पुन्हा हाताला लागेल: कालवा, डांबरी रस्ता, वनखात्याची जाळरेषा (वणवा अडवायला मोकळी केलेली पट्टी), डोंगराची धार, कोराडी-खापरखेड्याहून निघणारे उच्चदाब वाहिन्यांचे मनोरे. अशी खूण नसलेला वळसा कागदावर कितीही सोपा दिसो, तो रद्द करा.

नकाशा फोनमध्ये घरच्या वायफायवर उतरवून घ्या. ऑरगॅनिक मॅप्स किंवा ओएसमँडसारखी ॲप नेटवर्कशिवाय चालतात, कारण जीपीएसला मोबाइलचा टॉवर लागत नाही. जंगलात शिरताना फोन विमान मोडवर टाका, बॅटरी दुप्पट टिकल्यासारखी वाटेल. कागदी प्रत तरीही खिशात हवी, आणि एक साधं होकायंत्रही. नागपूर परिसरात चुंबकाची उत्तर आणि खरी उत्तर यांत इतका थोडा फरक आहे की पायी चालणाऱ्याने तो धरलाच नाही तरी बिघडत नाही.

घरी किंवा मित्राकडे एक निरोप ठेवा: कुठून चढणार, कुठे उतरणार, दोन्ही पर्याय, परतायची वेळ, आणि "या वेळेपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करा" अशी वेगळी वेळ. या दोन वेळांमध्ये तीन तास तरी ठेवा. सॅटेलाइट फोन घेऊन जायचा विचार असेल तर तो सोडा. परवानगीशिवाय तो बाळगणं आपल्याकडे बेकायदा आहे.

अडल्या जागी: आधी थांबा, मग बघा

पिशव्या खाली, पाणी प्या, कोणी इकडेतिकडे पांगायचं नाही. दहा मिनिटं. या दहा मिनिटांत लीडरने एक गोष्ट पक्की करायची: आपण नेमके आहोत कुठे. "साधारण इथे" चालत नाही. कारण कित्येकदा वाट अडलेली नसतेच, आपण अर्धा तास आधी ढोरवाटेला लागलेलो असतो आणि ती गचपणात जाऊन संपलेली असते.

ढोरवाट आणि माणसाची वाट यातला फरक डोळ्याला शिकवावा लागतो. ढोरवाट चराईच्या पट्ट्यात आली की पंजासारखी फाटते आणि दहा वाटा होऊन विरते. फांद्या कमरेच्या उंचीला मोडलेल्या असतात, वर मात्र जाळी तशीच. माणसाच्या वाटेवर डोक्याच्या उंचीच्या फांद्यांवर कुऱ्हाडीचे तिरके घाव दिसतात, विड्यांची थोटकं दिसतात, नाल्यात टाकलेला सपाट दगड दिसतो. फेब्रुवारीनंतर सागाची ताटाएवढी पानं गळून वाट पूर्ण झाकते. तेव्हा खाली बसा आणि नजर जमिनीलगत नेऊन पुढे बघा. वर्षानुवर्षं पायांनी दबलेली वाट भोवतालापेक्षा खोलगट असते. सकाळच्या तिरप्या उन्हात त्या खोलगट रेषेत पानांवर सावली धरलेली दिसते. दुपारी बारा वाजता तीच वाट डोळ्यांसमोर असून दिसणार नाही.

ठिकाण पक्कं झाल्यावर दुसरा प्रश्न: अडथळा कोणता आहे? सगळ्या अडथळ्यांना एकच उत्तर नसतं.

झाड पडलं असेल तर वीस पावलांचा वळसा घ्या आणि लगेच मूळ वाटेवर या. वाटेच्या ज्या बाजूला बाहेर पडलात, ती बाजू मोठ्याने बोला: "उजवीकडे सोडली, डावीकडे सापडेल." वरच्या बाजूने वळसा घेतलेला बरा, खालच्या बाजूने गेलात की उतार तुम्हाला नकळत आणखी खाली ओढत नेतो.

वनखात्याचा बांबू, साखळी, पाटी किंवा वनरक्षकाचा शब्द आडवा आला तर चर्चा संपली. बाजूने शिरायचं नाही. पेंच, मेळघाट, बोर, उमरेड-करांडला ही नावं आपल्याला सफारीमुळे माहीत आहेत, पण त्यांच्या हद्दी आपल्या भटकंतीच्या डोंगरांना अगदी चिकटून आहेत. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. कायद्याचं बाजूला ठेवा. बीटगार्डने वाट बंद केली आहे म्हणजे त्याने सकाळी तिथे काहीतरी पाहिलेलं असतं. त्याला नम्रपणे विचारा की कोणती बाजू मोकळी आहे. वनखात्याची 1926 ही हेल्पलाइनही आहे.

पचमढीजवळच्या नागद्वारीच्या वाटेलाही हेच लागू. ही यात्रा सातपुडा व्याघ्र प्रकल्पातून जाते आणि नागपंचमीच्या सुमाराचे थोडे दिवसच ती वाट उघडी असते. आपल्या विदर्भातून हजारो माणसं जातात. गर्दीने किंवा पाण्याने वाट तुंबली की बाजूच्या झाडीतून पुढे सरकायचा मोह होतो. तिथे थांबणं हाच पर्याय आहे, दुसरा नाही.

ताजे पगमार्क, ताजी शिकार, वानरांची सतत ओरड, किंवा मोहाच्या झाडाखाली ताजी उकरलेली माती दिसली, तर वळसा घ्यायचा नसतो, परत फिरायचं असतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात तेव्हा अस्वल त्याच झाडांखाली येतं जिथे गावातले लोक फुलं वेचायला येतात. अस्वल वाघापेक्षा जास्त बिथरतं. एकत्र राहा, मोठ्याने बोलत राहा, पळू नका.

आग्या मोहोळाखालून कधीच जाऊ नका, मग ते शांत का दिसेना. धूर, विडी, अत्तर, मोठा आवाज, दगड यातलं काहीही चालत नाही. माश्या उठल्याच तर तोंड-डोकं झाकून सरळ रेषेत लांब पळा आणि पाण्यात उडी मारू नका. त्या वर घिरट्या घालत थांबतात. काटा नखाने खरवडून लगेच काढा.

वणवा दिसला तर त्याच्या वरच्या बाजूने वळसा कधीही नाही. आग चढावर माणसापेक्षा वेगाने धावते. खाली, कोरड्या नाल्याच्या मोकळ्या वाळूत, किंवा जळून काळ्या पडलेल्या आणि थंड झालेल्या पट्ट्यात या.

नाल्याचा पूर: यावर जास्त बोलायला हवं

कारण आपल्याकडचे जीव इथेच जातात. सातपुड्याचे नाले झटकन भरतात आणि झटकन उतरतातही. तुमच्या डोक्यावर ऊन असताना दहा किलोमीटर वरच्या पाऊसझोताचं पाणी खाली येतं. पाणी एकाएकी गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहून येऊ लागला, किंवा आवाजाची पट्टी बदलली, की पात्रातून बाहेर या आणि वर चढा.

काठावर पाणी जिथे टेकलंय तिथे एक दगड ठेवा आणि पंधरा मिनिटांनी बघा. दगड बुडाला तर पाणी चढतंय: वर सरका आणि परतीचा विचार सुरू करा. दगड कोरडा पडून पाणी वीतभर मागे गेलं असेल, तर पाऊस थांबलेला असल्यास एक-दोन तासांची वाट पाहणं हाच सर्वांत चांगला वळसा आहे. हे लोकांना पटत नाही. आपण चालायला आलो आहोत, बसायला नाही, असं वाटतं. पण दोन तास बसून पिंडरीपर्यंतच्या संथ पाण्यातून जाणं, हे अनोळखी झाडीतून तीन तास पूल शोधत फिरण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचं आहे.

गुडघ्याच्या वर असलेलं वाहतं पाणी ओलांडू नका. तळ दिसत नसेल तर गुडघ्याखालचंही नको. कुंडाच्या किंवा धबधब्याच्या तोंडाशी कधीच नको, पाणी कितीही कमी असलं तरी; शेवाळलेला खडक एका पावलात माणूस नेतो. ओलांडायचंच ठरलं तर पात्र रुंद असलेली जागा निवडा, कारण तिथे पाणी उथळ आणि मंद असतं. बूट पायात ठेवा, पाठपिशवीचे कमरपट्टे सोडा, काठी प्रवाहाच्या वरच्या बाजूला टेका, आणि एकावेळी एकच पाऊल उचला. दोर बांधून माणूस ओढायचा प्रकार प्रशिक्षणाशिवाय करू नका. पाय सुटला की तोच दोर माणसाला पाण्याखाली धरून ठेवतो.

डोंगराची जात ओळखून वळसा

गाविलगड-चिखलदऱ्याचा डोंगर बेसाल्टचा आहे, थरांवर थर. कडा, मग सपाट पट्टी, पुन्हा कडा. अशा डोंगरात सरळ खाली उतरायचा प्रयत्न केला की पहिल्याच कड्यावर अडकाल. इथे सपाट पट्टी धरून आडवं चालत राहायचं आणि जिथे कडा मोडून घळ तयार झाली आहे, तिथूनच चढ-उतार करायचा. घळ दिसली की तिच्या तळाशी गुरांचं शेण आहे का पाहा. असेल तर ती चालण्याजोगी आहे.

पचमढीचा भाग वालुकाश्माचा. वरून पठार सौम्य दिसतं, पण मध्येच खोल, अरुंद दऱ्या पडलेल्या असतात, आणि पलीकडची कडा हाकेच्या अंतरावर दिसत असते. तिथे दरीत उतरून पलीकडे निघायचा विचार सोडा. दरीचं मूळ जिथे आहे तिथपर्यंत वर जाऊन वळसा घाला, कितीही लांब पडो.

याचं जुनं उदाहरण गाविलगडचंच आहे. 1803 च्या डिसेंबरात इंग्रज फौज गडाखाली आली तेव्हा दक्षिणेचा चढ उभा आणि तोफांना अशक्य होता. स्टीव्हनसनची तुकडी तोफा ओढत डोंगरांतून मोठा वळसा घालून उत्तरेला गेली. त्यात कित्येक दिवस गेले, पण 15 डिसेंबरचा निर्णायक हल्ला त्याच बाजूने झाला. आपल्याकडे फौज नाही आणि जिंकायचंही काही नाही, पण डोंगराची सोपी बाजू कोणती हे आधी हेरून मगच लांबचा रस्ता धरायचा, हा धडा उचलण्यासारखा आहे.

रामटेक-मनसरच्या टेकड्या लहान. त्यांत वळसा म्हणजे बहुतेक वेळा पायथ्यापर्यंत उतरून पांदणीने फिरणं. पांदण ही गावाची जुनी वहिवाट असते, पिकात न शिरता तिच्यावरून जाता येतं. पावसाळ्यात मात्र काळ्या मातीच्या पांदणीत बुटाला किलोकिलो चिखल चिकटतो आणि वेग निम्मा होतो.

इथे एक धोका ठळक सांगायला हवा, कारण तो नकाशावर कधीच नसतो. रानडुकरांपासून पीक वाचवायला काही शेतांना बेकायदा वीजप्रवाह सोडलेल्या तारा लावलेल्या असतात. विदर्भात यात वाघ मेले आहेत आणि माणसंही. तार गुडघ्याखाली, पिकाच्या रंगात मिसळलेली, आणि बहुधा संध्याकाळनंतर चालू. म्हणून दिवस मावळताना शेतातून आडवं जायचं नाही. जायचंच तर धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, काठाने, बॅटरी लावून, "कोणी आहे का हो जागलीवर?" अशी हाक देत. जागल्याने उत्तर दिलं तरी तो येऊन वाट दाखवेपर्यंत जागीच उभे राहा.

विचारायचं कसं

डोंगराखालच्या गोंड-कोरकू वस्त्यांतल्या किंवा गुरं चारणाऱ्या माणसाइतका चांगला नकाशा दुसरा नाही. पण प्रश्न चुकला की उत्तर चुकतं. "काका, ही वाट वर जाते ना?" असं विचारलं की समोरचा भिडेखातर "हो" म्हणतो. बोट न दाखवता विचारा: "काका, ही वाट कुठं जाते?" मग: "तुम्ही या आठवड्यात गेलते का तिकून?" आणि शेवटी: "पाणी असलं तर ढोरं जातात का?"

यावर मिळणारं उत्तर काहीसं असं असतं: "इकडून तं ढोरंच जाते, भाऊ. पाणी असलं का तेही नाही जात." या एका वाक्यात तुमचा अर्धा तास वाचतो. अंतर मात्र त्यांच्या आकड्यावर धरू नका. त्यांचं "इथंच तं आहे" त्यांच्या पायांनी मोजलेलं असतं. तुमच्यासाठी ते दुप्पट धरा. वाट दाखवायला कोणी सोबत आलं तर त्याच्या बुडालेल्या रोजाचे पैसे न मागता द्या.

वेळेचा हिशोब, कागदावर

1892 मध्ये नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक नियम मांडला: सपाटीला ताशी सुमारे 5 किलोमीटर, आणि दर 600 मीटर चढाईला एक तास जास्त. तो धडधाकट माणसांसाठी, थंड हवेत, झाडी नसलेल्या डोंगरांवर. आपल्या पानगळीच्या जंगलात, अनोळखी वळशावर मी याच्या निम्म्याहून कमी धरतो: ताशी 2 किलोमीटर, आणि दर 300 मीटर चढाला एक तास. नकाशावर सरळ मोजलेल्या अंतरात वळणांसाठी पाव भाग जास्त घालायचा. आणि शेवटी आलेल्या बेरजेवर एक तृतीयांश राखीव.

उदाहरण घेऊ. दहा किलोमीटरचा फेरा आहे. पाच किलोमीटर चालून झाल्यावर, 9:30 वाजता, नाला भरलेला मिळाला. परतीची वाट पाच किलोमीटर, ओळखीची, दोन तास: 11:30 ला गावात. दुसरा पर्याय धारेवरून पुलाकडे: नकाशावर साडेतीन किलोमीटर, म्हणजे वळणांसकट साडेचार, म्हणजे सव्वादोन तास. चढ 250 मीटर, म्हणजे 50 मिनिटं. पुलापासून गावापर्यंत ओळखीचे तीन किलोमीटर, एक तास. बेरीज चार तास पाच मिनिटं. एक तृतीयांश राखीव घालून जवळपास साडेपाच तास. म्हणजे गावात तीन वाजता.

आता पाणी. प्रत्येकाकडे तीन लिटर होतं, एक संपलं. ऑक्टोबरच्या उन्हात तासाला अर्धा लिटर कमीत कमी लागतो; चार तासांत उरलेलं संपतं आणि राखीव वेळेला थेंब नाही. तेव्हा ऑक्टोबरात उत्तर स्पष्ट आहे: परत. हाच प्रसंग डिसेंबरात आला तर पाणी पुरतं, आणि तीनला पोहोचलात तरी उजेड भरपूर आहे. गट धडधाकट असेल तर वळसा घेता येईल. पण तोच नाला 12:30 ला लागला, तर हिशोब जवळपास सहा वाजता संपतो. डिसेंबरच्या सुरुवातीला नागपुरात सूर्य साडेपाचच्या सुमाराला मावळतो. पुन्हा उत्तर: परत. मुंबईच्या मंडळींच्या वेळापत्रकावर विसंबू नका. आपण त्यांच्या इतके पूर्वेला आहोत की आपला दिवस त्यांच्यापेक्षा साधारण 25 मिनिटं आधी मावळतो.

एप्रिल-मेमध्ये हा हिशोब करायचीच गरज नाही. नऊनंतर वाट अडली तर सरळ खाली.

आणखी एक प्रश्न लोक विसरतात: वळसा उतरतो कुठे आणि गाडी उभी आहे कुठे? डोंगराच्या दुसऱ्या अंगाला उतरलात आणि एसटीची शेवटची फेरी गेलेली असेल, तर पुढचे आठ किलोमीटर डांबरी रस्त्याने, अंधारात, ट्रकांच्या दिव्यांत चालावे लागतील. तेही वेळेत धरा.

निर्णय कसा घ्यायचा

सर्वांत आधी गटातल्या सर्वांत हळू चालणाऱ्याला विचारा, आणि एकटं विचारा. सगळ्यांसमोर विचारलं की तो "चालेल" म्हणणारच. गुडघा दुखतोय, पाणी संपलंय, चप्पल तुटलीय, हे चार लोकांत कोणी सांगत नाही. त्याचं उत्तर हेच गटाचं उत्तर. "एवढं आलो आहोत तर" हे वाक्य ज्याच्या तोंडून येईल त्याला थांबवा. आलेलं अंतर परतीच्या हिशोबात जातं, पुढच्या नाही.

गट फोडायचा नाही. पुढची वाट पाहून यायची असेल तर दोघांनी जावं, दहा मिनिटं पुढे आणि दहा मिनिटांत मागे, शिट्टी गळ्यात. बाकीचे जागेवरून हलणार नाहीत. संकटाची खूण मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता; उत्तर तीन शिट्ट्यांचं. हे निघण्यापूर्वीच सगळ्यांना सांगून ठेवा.

वळसा घ्यायचं ठरलं तर निघतानाच परत फिरायची जागा आणि वेळ बोला: "तासाभरात खिंड आली नाही तर परत." ती वेळ आली आणि खिंड समोर दिसत असली, तरी परत. ही वेळ डोकं शांत असताना ठरवली होती, म्हणून ती खिंडीसमोर उभं राहून घेतलेल्या निर्णयापेक्षा खरी.

नेटवर्क मिळेल तिथून घरी नवा निरोप पाठवा. फोन किंवा इंटरनेट चालत नसेल तरी कमकुवत सिग्नलवर साधा एसएमएस जातो. त्यात चारच गोष्टी: कुठे अडलो, कुठून जातोय, कुठे उतरणार, कधीपर्यंत. धारेवर चढलात की बहुतेक रेंज येते; ढग गडगडत असतील तर मात्र धारेवर निरोप पाठवायला थांबू नका. दामिनी ॲप विजेचा इशारा देतं, पण ते नेटवर्कवर चालतं, म्हणून निघण्यापूर्वी आणि रेंज आली की बघा. वीज जवळ असेल तर धार सोडा, एकट्या मोहाच्या किंवा सागाच्या झाडापासून लांब, सखल जागी, एकमेकांपासून अंतर ठेवून उकिडवे बसा.

वळशावर चालताना

दर दहा-पंधरा मिनिटांनी मागे वळून बघा. परतीची वाट उलट्या बाजूने वेगळीच दिसते, आणि परत यायची वेळ आली तर तेच चित्र लागेल. दुफाटा आला की दोन दगडांची रचना करा आणि परतताना ती मोडा. नाहीतर पुढचा ट्रेकर तुमच्या चुकलेल्या वाटेला लागेल. झाडांच्या साली खरवडू नका, रंग लावू नका.

चुकलात असं वाटलं तर लगेच थांबा. शेवटची पक्की खूण कुठे होती ते आठवा आणि तिथपर्यंत मागे जा. "पुढे कुठेतरी निघेलच" म्हणत नाल्याच्या पात्रातून खाली उतरत जाऊ नका. सातपुड्यात नाला गावाला पोहोचण्याआधी कड्यावरून खाली उडी घेतो. अंधार पडलाच तर अनोळखी वाटेवर चालणं बंद. उघड्या जागी एकत्र बसा, कपडे घाला, बॅटरी जपून वापरा, 112 हा आपत्कालीन क्रमांक लावून बघा. जंगलातली एक थंड रात्र काढता येते.

सरावाला रामटेक उत्तम आहे. गडमंदिराला अंबाळा तलावाकडून पायऱ्या आहेत, रामटेक गावाकडून वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि गाडीरस्ताही आहे. एखाद्या रविवारी अंबाळ्याच्या अर्ध्या पायऱ्यांवर थांबा आणि "इथून वर बंद" असं धरा. कागदावर हिशोब करा, खाली उतरा, वळसा घालून गावाच्या बाजूने चढा, आणि लागलेला वेळ तुमच्या अंदाजाशी ताडून पाहा. तुमच्या गटाचा खरा वेग यातून कळतो. पुढे चिखलदऱ्याला तोच आकडा वापरा.

परत आल्यावर, दमलेले असलात तरी, अडलेल्या जागेची तारीख, फोटो आणि जीपीएसची खूण लिहून ठेवा. जवळच्या वनचौकीत किंवा गावातल्या ग्रामपंचायतीत सांगा, झाड पडलं असेल तर कुठे, पूल खचला असेल तर किती. तुमच्या ओळखीचा जो गट पुढच्या आठवड्यात तिकडे जाणार असेल, त्याला त्याच संध्याकाळी फोन करा.